अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या काळाचे राजकारण : काय वाचावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजवर या विषयावर काहीच वाचलेले नाही. पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

जोसेफ एलिस यांचे 'फाउंडिंग ब्रदर्स' (२०००). ते तीनशे पानांच्या आत संपते. त्यात सलग इतिहास नाही, सहा प्रसंग आहेत. एका प्रसंगात १८०४ मधले माजी अर्थमंत्री हॅमिल्टन आणि उपाध्यक्ष बर यांचे पिस्तुलांचे द्वंद्व येते. दुसऱ्यात १७९० सालचे जेफरसनच्या घरचे जेवण येते. राज्यांची युद्धकर्जे केंद्राने उचलावीत आणि त्याच्या बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी जावी, असा सौदा त्या जेवणात जुळला. त्याच वर्षी गुलामगिरीविरुद्ध अर्ज आले आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो विषय कसा गुंडाळून ठेवला, तेही एका प्रकरणात आहे. राजधानी कुठे असेल, पक्ष असतील की नाही, केंद्राचा हात कुठवर पोचेल, यांतले काहीच त्या पिढीला आधीपासून ठाऊक नव्हते. हे एकदा पटले की पुढची पुस्तके सोपी जातात.

दुसरे पुस्तक जेम्स मॅकफर्सन यांचे 'बॅटल क्राय ऑफ फ्रीडम' (१९८८). यादवी युद्धावरचे हे एकखंडी पुस्तक आहे, पण पहिला तोफगोळा सुटेपर्यंत अडीचशेच्या आसपास पाने जातात. ती पाने गाळू नका, कारण युद्ध का झाले याचे उत्तर तिथेच आहे. तिसरे रॉबर्ट कॅरो यांचे 'द पॅसेज ऑफ पॉवर' (२०१२). लिंडन जॉन्सन यांच्या चरित्राचा हा चौथा खंड असला तरी तो स्वतंत्रपणे वाचता येतो. या तीन पुस्तकांतून तीन वेगवेगळी शतके हाताखालून जातात. त्यानंतर तुमची ओढ कोणत्या काळाकडे आहे ते तुमचे तुम्हालाच कळते.

वॉशिंग्टनपासून सुरुवात करून एकेका अध्यक्षाचे चरित्र क्रमाने वाचले तर चालेल का?

चालेल, पण हा बेत बहुतेकांचा १८३७ च्या आसपास मोडतो. जॅक्सन पदावरून उतरल्यानंतर लिंकन येईपर्यंत, म्हणजे १८३७ ते १८६१ या काळात, आठ अध्यक्ष झाले आणि एकालाही दुसरी कारकीर्द मिळाली नाही. त्यातले दोघे पदावर असतानाच वारले. त्यांची चरित्रे एकामागून एक वाचताना तीच तीच भांडणे पुन्हा येतात आणि निकाल मात्र दिसत नाही. याचे कारण असे की त्या काळात खरी सत्ता काँग्रेसमध्ये होती. क्ले, वेब्स्टर, कॅल्हून आणि नंतर स्टीफन डग्लस ही माणसे देशाची दिशा ठरवत होती. नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी का यावरची १८५० ची तडजोड आणि १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा हे दोन्ही सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, घडले.

म्हणून या पट्ट्यात चरित्रे बाजूला ठेवा आणि दोन पुस्तके घ्या. डॅनियल वॉकर हाउ यांचे 'व्हॉट हॅथ गॉड रॉट' (२००७) १८१५ ते १८४८ हा काळ घेते. डेव्हिड पॉटर यांचे 'द इम्पेंडिंग क्रायसिस' (१९७६) तिथून १८६१ पर्यंत नेते. अपवाद फक्त जेम्स पोक यांचा. चारच वर्षांत मेक्सिकोशी युद्ध करून देशाचा नकाशा बदलणाऱ्या या माणसावर रॉबर्ट मेरी यांचे 'अ कंट्री ऑफ व्हास्ट डिझाइन्स' (२००९) वाचावे. त्याच्या सोबत एमी ग्रीनबर्ग यांचे 'अ विकेड वॉर' (२०१२) ठेवावे, म्हणजे त्या युद्धाला घरातूनच किती विरोध होता ते कळेल. विरोधकांत इलिनॉयचा व्हिग पक्षाचा एक नवखा प्रतिनिधीही होता : अब्राहम लिंकन.

बाकीच्यांसाठी 'द अमेरिकन प्रेसिडेंट्स' ही छोट्या पुस्तकांची मालिका आहे. एकेक पुस्तक साधारण दीडशे ते दोनशे पानांचे असते. बुकॅनन यांच्यावरचे जीन बेकर यांचे पुस्तक त्यात विशेष चांगले आहे. महिनाभरच पदावर राहिलेल्या विल्यम हेन्री हॅरिसन यांच्यासाठी याहून मोठे पुस्तक लागत नाही.

चरित्र वाचावे की त्या काळाचा इतिहास?

दोन्ही, आणि जोडीने. आमच्याकडे एकच सल्ला मागितलात तर तो हाच असेल. चरित्रकाराचा कॅमेरा एका माणसावर रोखलेला असतो. त्यामुळे जे घडले ते त्या माणसाने घडवले असे वाटू लागते. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र काँग्रेस, न्यायालय, राज्ये आणि स्वतःचा पक्ष यांच्या कचाट्यात काम करतो.

उदाहरण जॅक्सन यांचे घ्या. आर्थर श्लेसिंजर यांच्या 'द एज ऑफ जॅक्सन'ला (१९४५) पुलित्झर पारितोषिक मिळाले. बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सविरुद्धची लढाई आणि कामगारवर्गाचे राजकारण त्यात जिवंत उभे राहते. पण १८३० चा इंडियन रिमूव्हल कायदा, ज्याखाली चेरोकींसह आग्नेयेकडच्या आदिवासी राष्ट्रांना मिसिसिपीपलीकडे हाकलले गेले, त्या पुस्तकात जवळजवळ नाहीच. जॉन मीचम यांच्या 'अमेरिकन लायन'मध्ये (२००८) तो विषय आहे, पण मध्यभागी जॅक्सनच राहतात. क्लॉडिओ सॉंट यांचे 'अनवर्दी रिपब्लिक' (२०२०) वाचल्यावरच त्या हकालपट्टीमागचा पैसा कुणाचा होता, कंत्राटे कुणाला मिळाली, रिकाम्या झालेल्या जमिनीवर कापूस कुणी पिकवला, हे उलगडते. मीचम आणि सॉंट एकाच महिन्यात वाचा. एकटे वाचलेले कोणतेही पुस्तक इतके शिकवणार नाही.

काळाच्या इतिहासासाठी 'ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही मालिका कणा म्हणून वापरावी. हाउ आणि मॅकफर्सन यांची वर आलेली पुस्तके याच मालिकेतली. त्याखेरीज गॉर्डन वुड यांचे 'एम्पायर ऑफ लिबर्टी' (१७८९–१८१५), रिचर्ड व्हाइट यांचे 'द रिपब्लिक फॉर व्हिच इट स्टँड्स' (१८६५–१८९६), डेव्हिड केनेडी यांचे 'फ्रीडम फ्रॉम फिअर' (१९२९–१९४५) आणि जेम्स पॅटरसन यांचे 'ग्रँड एक्स्पेक्टेशन्स' (१९४५–१९७४) हे खंड हवेत. चारही जाड आहेत. सलग वाचायची सक्ती नाही, त्या त्या अध्यक्षाच्या चरित्राआधी संबंधित प्रकरणे वाचली तरी काम होते.

वाचायला बसण्याआधी तिथल्या राज्यव्यवस्थेची किती माहिती हवी?

फार नको, पण पुढच्या गोष्टी पक्क्या हव्यात. नाहीतर भारतीय वाचकाच्या डोक्यातली संसदीय चौकट मध्ये मध्ये येत राहते.

मंत्री संसदेतून येत नाहीत. काँग्रेसच्या सदस्याला मंत्री व्हायचे तर जागा सोडावी लागते. अध्यक्षाचा पक्ष दोन्ही सभागृहांत अल्पमतात असू शकतो आणि सरकार पडत नाही. अध्यक्षाची निवड ५३८ निर्वाचकांच्या मतांनी होते, २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्ये आपली सगळी मते एकालाच देतात. त्यामुळे १८७६, १८८८, २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार जिंकला. १८२४ ला तर कुणालाच बहुमत नव्हते आणि निवड प्रतिनिधिगृहाने केली.

तारखांची एक गोम आहे. १९३३ च्या विसाव्या दुरुस्तीपर्यंत शपथविधी ४ मार्चला होत असे. निवडणूक नोव्हेंबरात आणि सत्तांतर मार्चात, म्हणजे मध्ये चार महिने. १८६०–६१ च्या हिवाळ्यात याच चार महिन्यांत दक्षिणेची सात राज्ये फुटून निघाली. बुकॅनन पदावर होते पण हात बांधून बसले, लिंकन निवडून आले होते पण अधिकार नव्हता. ही तारीख माहीत नसेल तर तो सगळा पेच समजत नाही.

आणखी एक : १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीपर्यंत सिनेटर लोक निवडत नसत, राज्यांची विधिमंडळे निवडत. १८५८ मध्ये लिंकन आणि डग्लस यांनी गावोगाव वादसभा घेतल्या, पण मतपत्रिकेवर दोघांचीही नावे नव्हती. लोक आमदार निवडत होते.

लिंकन रिपब्लिकन आणि दक्षिणेतले गुलाममालक डेमोक्रॅट, हे आजच्या चित्राच्या उलटे कसे?

पक्षांची नावे टिकली, त्यांच्यामागचे लोक बदलले. जेफरसन यांचा डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्ष आजच्या दोन्ही पक्षांहून वेगळा. डेमोक्रॅटिक पक्ष जॅक्सनभोवती १८२८ च्या सुमारास बांधला गेला. त्याला विरोध करणारे व्हिग १८५० च्या दशकात फुटले आणि १८५४ मध्ये गुलामगिरीचा विस्तार रोखण्यासाठी रिपब्लिकन पक्ष जन्मला. यादवी युद्धानंतर जवळजवळ शंभर वर्षे दक्षिण डेमोक्रॅटांचीच राहिली. १९४८ मध्ये दक्षिणेतल्या काहींनी ट्रुमन यांच्याविरुद्ध वेगळा उमेदवार दिला तेव्हा पहिली मोठी चीर पडली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ती रुंदावत गेली.

हे सविस्तर वाचायचे तर दोन पुस्तके. आयरा कॅट्झनेल्सन यांचे 'फिअर इटसेल्फ' (२०१३) दाखवते की न्यू डीलचे, म्हणजे १९३० च्या दशकातल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कार्यक्रमाचे, कायदे दक्षिणेच्या डेमोक्रॅटांच्या मतांवर मंजूर होत होते आणि त्याची किंमत म्हणून शेतमजूर व घरकामगार १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून वगळले गेले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांत हीच कामे करणारे सर्वाधिक होते. पुढची बाजू रिक पर्लस्टाइन यांच्या 'बिफोर द स्टॉर्म' (२००१) आणि 'निक्सनलँड' (२००८) यांत सापडते.

संस्थापक अध्यक्षांवर वाचताना गुलामगिरीचा विषय वेगळा वाचावा लागतो का?

हो. बारा अध्यक्षांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा माणसे मालकीची ठेवली होती, त्यातल्या आठांनी पदावर असतानाही. रॉन चेर्नो यांचे 'वॉशिंग्टन : अ लाइफ' (२०१०) याबाबत बरेच मोकळे आहे, तरी एरिका आर्मस्ट्राँग डनबार यांचे 'नेव्हर कॉट' (२०१७) सोबत घ्यावे. १७९६ मध्ये फिलाडेल्फियातल्या अध्यक्षांच्या घरातून ओना जज ही तरुणी निसटली आणि वॉशिंग्टन यांनी तिला परत आणण्यासाठी शेवटपर्यंत प्रयत्न केले, त्याची ही हकीकत आहे.

जेफरसन यांच्यासाठी ॲनेट गॉर्डन-रीड यांचे 'द हेमिंग्जेस ऑफ माँटिसेलो' (२००८) टाळता येणार नाही. कित्येक दशके नामवंत चरित्रकारांनी जेफरसन यांच्या मालकीच्या सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीशी त्यांचे संबंध होते आणि त्यांतून मुले झाली, हा विषय अफवा म्हणून झटकला होता. गॉर्डन-रीड यांनी १९९७ मधल्या आधीच्या पुस्तकात दाखवून दिले की त्या विद्वानांनी गोऱ्या कुटुंबाच्या साक्षी धरल्या आणि हेमिंग्ज कुटुंबाच्या साक्षी मोडीत काढल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या डीएनए चाचणीने त्यांच्या मांडणीला बळ दिले. पुरावा कसा तोलावा हे शिकण्यासाठी तरी हे पुस्तक वाचा.

लिंकन यांच्यावर इतकी पुस्तके आहेत. नेमके कोणते?

एकच हवे असेल तर डेव्हिड हर्बर्ट डोनाल्ड यांचे 'लिंकन' (१९९५). डोरिस कर्न्स गुडविन यांचे 'टीम ऑफ रायव्हल्स' (२००५) जास्त रंजक आहे. उमेदवारीसाठी आपल्याविरुद्ध उभे राहिलेल्या सेवर्ड, चेस आणि बेट्स यांनाच लिंकन यांनी मंत्रिमंडळात कसे घेतले, हा त्याचा गाभा. सुरुवातीला चार चरित्रे एकत्र चालतात आणि वाचक गोंधळतो. लिंकन यांना उमेदवारी देणाऱ्या शिकागो अधिवेशनाचे प्रकरण येईपर्यंत धीर धरा.

पण लिंकन यांचे विचार कसे सरकत गेले हे एरिक फोनर यांच्या 'द फायरी ट्रायल'मध्ये (२०१०) जसे दिसते तसे दुसरीकडे नाही. २२ ऑगस्ट १८६२ रोजी ग्रीली या संपादकाला लिंकन यांनी लिहिले की आपले ध्येय संघराज्य वाचवणे आहे, गुलामगिरी वाचवणे किंवा संपवणे नाही. हे पत्र सुटे काढून हवा तो अर्थ लावण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्याच्या बरोबर महिनाभर आधी, २२ जुलैला, त्यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. फोनर या दोन तारखा शेजारी ठेवतात.

ग्रँट यांना कुणी भ्रष्ट कारभाराचे अध्यक्ष म्हणतात, कुणी थोर. विश्वास कुणावर ठेवायचा?

हा प्रश्न ज्याला पडला तो योग्य मार्गावर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युद्धोत्तर पुनर्रचनेचा काळ म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता गेल्याने झालेला अनर्थ, अशी मांडणी विद्यापीठांत चालत होती. तिच्यात ग्रँट खलनायकच होणार. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन'मध्ये (१९३५) ती उलथून टाकली, पण मुख्य प्रवाहाने तिकडे लक्ष द्यायला पुढे कित्येक वर्षे घेतली. फोनर यांच्या 'रिकन्स्ट्रक्शन'नंतर (१९८८) चित्र पक्के बदलले. विल्यम मॅकफीली यांचे 'ग्रँट' (१९८१) कठोर आहे, चेर्नो यांचे 'ग्रँट' (२०१७) सहानुभूतीचे. १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेविरुद्ध केंद्राची ताकद लावणारा अध्यक्ष चेर्नो पुढे आणतात, मात्र सहकाऱ्यांच्या लाचखोरीबाबत कधी कधी हात सैल सोडतात. फोनर यांचे पुस्तक मोठे वाटले तर त्यांनीच केलेली संक्षिप्त आवृत्ती मिळते.

'सर्वोत्तम अध्यक्षां'च्या क्रमवारीवर विसंबून पुस्तके निवडावीत का?

क्रमवारी पुस्तक निवडायला उपयोगी नाही, मते कशी बदलतात ते पाहायला फार उपयोगी आहे. सी-स्पॅन वाहिनीने इतिहासकारांना विचारून २०००, २००९, २०१७ आणि २०२१ मध्ये याद्या केल्या. चारही वेळा लिंकन पहिले. पण ग्रँट ३३ व्या स्थानावरून २० व्या स्थानावर चढले, जॅक्सन १३ वरून २२ वर घसरले, विल्सन ६ वरून १३ वर. मेलेल्या माणसांनी मधल्या काळात काही केलेले नाही, बदलले ते इतिहासकारांचे प्रश्न. म्हणून पुस्तक हाती घेतल्यावर सगळ्यात आधी प्रकाशनवर्ष पाहा.

पुस्तक संपते आणि अध्यक्षपद आलेलेच नसते, असे का?

ही तक्रार सर्रास येते. विकत घेण्याआधी पुस्तक कोणत्या वर्षी थांबते ते तपासा. एडमंड मॉरिस यांचे 'द राइज ऑफ थिओडोर रूझवेल्ट' (१९७९) अप्रतिम आहे, पण १९०१ मध्ये रूझवेल्ट अध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर आले की ते संपते. कारकीर्द हवी असेल तर दुसरा खंड 'थिओडोर रेक्स' (२००१) घ्या. फ्रेडरिक लोगेव्हॉल यांच्या केनेडी-चरित्राचा २०२० मधला पहिला खंड १९५६ ला थांबतो. श्लेसिंजर यांचे 'द एज ऑफ रूझवेल्ट' तीन खंडांनंतरही १९३६ च्या पुढे जात नाही. ओबामा यांचे 'अ प्रॉमिस्ड लँड' (२०२०) मे २०११ मध्ये, बिन लादेनवरील कारवाईपाशी संपते.

कॅरो यांचे चार खंडही १९६४ पर्यंतच येतात. व्हिएतनाम त्यात नाही. त्यासाठी लोगेव्हॉल यांचे 'चूझिंग वॉर' (१९९९) आणि जॉन्सन यांच्या पूर्ण कारकिर्दीसाठी रॉबर्ट डॅलेक यांचे 'फ्लॉड जायंट' (१९९८).

कॅरो यांचे सगळे खंड वाचण्याइतके महत्त्वाचे आहेत का?

आहेत. सत्ता कशी मिळवतात आणि कशी वापरतात याचा इतका तपशिलात जाणारा अभ्यास दुसऱ्या कोणत्याही अध्यक्षावर झालेला नाही. 'द पाथ टू पॉवर'मधले (१९८२) टेक्ससच्या डोंगराळ भागात वीज येण्याआधीच्या बायकांच्या कामावरचे प्रकरण वाचा. आडातून पाणी उपसणे, चुलीवर लोखंडी इस्त्र्या तापवणे, पाठी वाकलेल्या बाया. मग तिथे वीज आणणाऱ्या तरुण काँग्रेस सदस्याला लोक का विसरले नाहीत ते सांगावे लागत नाही. 'मास्टर ऑफ द सिनेट' (२००२) हजाराहून अधिक पानांचे आहे आणि पहिली शंभरेक पाने सिनेटचाच इतिहास आहे. तिथे बरेच जण पुस्तक खाली ठेवतात. ठेवू नका. १९५७ चा नागरी हक्क कायदा मंजूर करून घेणे किती अवघड होते हे त्या पानांशिवाय कळत नाही.

सावधगिरी एकच. दुसऱ्या खंडात १९४८ ची सिनेटच्या पक्षउमेदवारीसाठीची प्राथमिक निवडणूक आहे, जी जॉन्सन ८७ मतांनी, तीही संशयास्पद, जिंकले. तिथे त्यांचे प्रतिस्पर्धी कोक स्टीव्हन्सन यांना कॅरो यांनी फारच उजळ रंगवले आहे. ते वाचल्यावर डॅलेक यांचे 'लोन स्टार रायझिंग' (१९९१) चाळावे.

भारताशी थेट संबंध असलेल्या अध्यक्षांवर काय वाचावे?

१९७१ पासून सुरुवात करा. गॅरी बास यांचे 'द ब्लड टेलिग्राम' (२०१३) निक्सन आणि किसिंजर यांच्या ध्वनिफितींवर आणि ढाक्यातले वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या तारांवर उभे आहे. ६ एप्रिल १९७१ ची ती निषेधाची तार वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्यांनी गेली होती. बास यांचा संताप पानोपानी जाणवतो, तो रास्तही आहे. पण मॉस्को, पेकिंग, दिल्ली सगळीकडून त्या वर्षाकडे पाहायचे असेल तर श्रीनाथ राघवन यांचे '१९७१' (२०१३) लगेच वाचा.

मग मागे या. १९६२ च्या चीन युद्धात नेहरूंनी केनेडी यांच्याकडे मागितलेल्या मदतीवर ब्रूस रीडेल यांचे 'जेएफकेज फरगॉटन क्रायसिस' (२०१५) आहे. त्या वेळचे राजदूत गॅलब्रेथ यांची रोजनिशी 'अँबॅसेडर्स जर्नल' (१९६९) वाचायला खुसखुशीत आहे, पण ती एका बाजूची नोंद आहे. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात रेशनवरचा 'पीएल-४८० चा गहू', म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेला गहू, येतो. १९६५ ते ६७ या काळात जॉन्सन तो गहू थोडा थोडा, हाताचा राखून का सोडत होते, याचे उत्तर निक कलाथर यांच्या 'द हंग्री वर्ल्ड'मध्ये (२०१०) मिळेल. संपूर्ण आलेख एकाच पुस्तकात हवा असेल तर राघवन यांचेच 'द मोस्ट डेंजरस प्लेस' (२०१८).

मराठीत या काळाशी जोडलेले काही आहे का?

आहे, आणि ते दुय्यम मुळीच नाही. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) गुलामांची मुक्ती करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तेव्हा ग्रँट अध्यक्ष होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स येथे गोऱ्या टोळीने अनेक डझन कृष्णवर्णीयांची कत्तल केली आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींच्या शिक्षा रद्द ठरवल्या. पुण्यात बसून ज्या मुक्तीचा गौरव झाला ती तिकडे त्याच वेळी हिसकावली जात होती. 'गुलामगिरी' आणि फोनर यांचे 'रिकन्स्ट्रक्शन' शेजारी ठेवून वाचणे हा मराठी वाचकालाच मिळू शकणारा अनुभव आहे. ग्रँट स्वतः निवृत्तीनंतरच्या जगप्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरले होते.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, म्हणजे क्लीव्हलँड यांच्या पहिल्या कारकिर्दीत. त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) तिथली राज्यव्यवस्था, स्त्रियांच्या संघटना आणि मताधिकाराची चळवळ मराठी वाचकाला समजावून देते. त्या काळावरच्या इंग्रजी पुस्तकांत आयातकर आणि चलनाचे वाद भरलेले असतात. रमाबाई माणसे दाखवतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, ती विल्सन यांची पहिली कारकीर्द. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची माहिती मागितली. अमेरिकेतली गुलामगिरी आणि इथली अस्पृश्यता यांची तुलना करणारे त्यांचे लेखन 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन'च्या जोडीला ठेवावे.

अध्यक्षांच्या स्वतःच्या आठवणी वाचण्यासारख्या असतात का?

बहुतेक नसतात. सल्लागारांनी घासूनपुसून घेतलेले समर्थन असते. ग्रँट यांच्या आठवणी (१८८५–८६) हा ठळक अपवाद. घशाच्या कर्करोगाने ग्रासलेले असताना, कुटुंबाला कर्जातून सोडवण्यासाठी त्यांनी त्या लिहिल्या आणि पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ ला, ते गेले. गद्य स्वच्छ, वाक्ये आखूड. मात्र त्यांत अध्यक्षपद जवळजवळ नाही, कथन यादवी युद्धापाशी संपते.

कोणत्या पुस्तकांपासून जपून राहावे?

डेव्हिड बार्टन यांचे 'द जेफरसन लाइज' २०१२ मध्ये प्रकाशकानेच चुकांमुळे बाजारातून मागे घेतले. ते नंतर दुसरीकडून निघाले आहे, म्हणून अजून भेटते. एडमंड मॉरिस यांनी रीगन यांच्या अधिकृत चरित्रात, 'डच'मध्ये (१९९९), एक काल्पनिक निवेदक घातला. शैली कितीही चांगली असली तरी पुरावा म्हणून ते वापरता येत नाही. रीगन यांच्यासाठी लू कॅनन यांचे 'प्रेसिडेंट रीगन : द रोल ऑफ अ लाइफटाइम' (१९९१) घ्या. आयझेनहॉवर यांच्यावर स्टीफन अँब्रोझ यांचे चरित्र अनेक वर्षे शिफारशीत असे. त्यांनी सांगितलेल्या मुलाखती अध्यक्षांच्या दैनंदिन नोंदींशी जुळत नाहीत असे पुढे आढळले. त्याऐवजी जीन एडवर्ड स्मिथ यांचे 'आयझेनहॉवर इन वॉर अँड पीस' (२०१२).

अनोळखी पुस्तक तपासायचे तर मागची पाने उघडा. टिपांत पत्रे, रोजनिशा, अभिलेख यांचे दाखले आहेत की फक्त इतर पुस्तकांचे? उद्धृताला दिनांक आहे का? एखादे चमकदार वाक्य अध्यक्षाच्या तोंडी असेल आणि टीप नसेल, तर ते धरून चालू नका.

अगदी अलीकडच्या अध्यक्षांवर वाचावे का?

वाचा, पण पक्के मत बनवू नका. १९७८ च्या कायद्यानुसार अध्यक्षांची कागदपत्रे सरकारी मालकीची असतात. कारकीर्द संपल्यावर पाच वर्षांनी त्यांच्यासाठी अर्ज करता येतो आणि काही प्रकारची कागदपत्रे बारा वर्षांपर्यंत रोखता येतात. त्यामुळे पहिली दहा-पंधरा वर्षे पुस्तके मुलाखतींवर, त्याही बऱ्याचदा नाव न छापण्याच्या अटीवर दिलेल्या, उभी असतात. बोलणाऱ्याला काय साधायचे होते हे प्रत्येक वेळी विचारा. कार्टर यांच्यावर चांगली चरित्रे यायला २०२०–२१ उजाडावे लागले : जोनाथन ऑल्टर यांचे 'हिज व्हेरी बेस्ट' आणि काइ बर्ड यांचे 'द आउटलायर'.

फुकट काय मिळते आणि महागडी पुस्तके कशी मिळवावीत?

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरच्या संकेतस्थळावर प्रत्येक अध्यक्षावर इतिहासकारांचे निबंध आहेत. जाड पुस्तक उघडण्याआधी ते वाचावेत. केनेडी, जॉन्सन आणि निक्सन यांच्या गुप्त ध्वनिफिती तिथेच ऐकता येतात. कॅरो वाचताना जॉन्सन यांचे दूरध्वनी ऐका. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा 'अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट' भाषणांसाठी, 'फाउंडर्स ऑनलाइन' संस्थापकांच्या पत्रांसाठी. परराष्ट्र खात्याची 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही दस्तऐवजमाला पूर्ण खुली आहे. १९७१ साठी १९६९–७६ मालिकेतला अकरावा खंड काढा आणि बास यांचे दाखले स्वतः पडताळा. ग्रँट यांच्या आठवणी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहेत.

नवी पुस्तके पुठ्ठा-बांधणीत येतात तेव्हा घेऊ नका, साधारण वर्षभरात पेपरबॅक निघते. इंटरनेट आर्काइव्हवर बरीच जुनी पुस्तके तासाभरासाठी किंवा चौदा दिवसांसाठी उसनी मिळतात. संदर्भ पाहण्यापुरता तास पुरतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड काढावे. लिबी ॲपवर ई-पुस्तके आणि ऑडिओबुके मिळतात. जे पुस्तक तिथे नाही ते ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून देते. कॅरो यांच्यासारखे लांब खंड ऑडिओवर चांगले जातात, फोनर आणि पॉटर मात्र कागदावरच घ्या, कारण मागे जाऊन परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो.

पानांच्या आकड्याला घाबरू नका. नऊशे पानांच्या पुस्तकात शेवटची शंभर-दीडशे पाने टिपा आणि सूची असतात. रोज पंचवीस पाने वाचली तर असा ग्रंथ महिनाभरात संपतो. पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन नावे लिहून ठेवा : त्या काळातला सिनेटमधला बलाढ्य नेता, सरन्यायाधीश आणि विरोधी पक्षाचा पराभूत उमेदवार. चरित्रात ही माणसे मध्येच गायब होतात. तेव्हा वाचन थांबवून ती त्या वेळी काय करत होती ते काळाच्या इतिहासात शोधा.